ऑफिस आणि टेकडी, दोन्हींसाठी एकच माउंटन बाइक

पुण्यात कोथरूड, पाषाण, औंध, सहकारनगर अशा भागांत राहत असाल, तर टेकडी घरापासून सायकलवर दहा-पंधरा मिनिटांत येते. वेताळ टेकडी, बाणेर-पाषाण टेकडी, तळजाई. त्याच घरापासून हिंजवडी किंवा खराडीचं ऑफिस मात्र दहा-पंधरा किलोमीटर डांबरावर असतं. दोन सायकली घ्यायला पैसे असले तरी फ्लॅटमध्ये त्या ठेवायच्या कुठे? म्हणून नव्याने सायकलिंगकडे वळलेले बरेच जण विचारतात की एकाच सायकलवर दोन्ही भागेल का.

भागेल, आणि चांगलं भागेल. फक्त निवडताना नंतर सहज बदलता न येणाऱ्या भागांकडे आधी बघायचं. टायर, सीट, पॅडल, ग्रिप केव्हाही बदलता येतात. फ्रेम, फोर्क (पुढचं चाक धरणारा दुफाटा), हब (चाकाचा मधला भाग) आणि ब्रेकचा प्रकार बदलायला गेलात तर निम्म्या सायकलीचे पैसे जातात. फ्रेम टेकडीच्या हिशेबाने घ्या आणि टायर रस्त्याच्या हिशेबाने. पुढचं सगळं याच एका सूत्रावर उभं आहे.

आधी तुमचा आठवडा कागदावर मांडा

दुकानात जाण्यापूर्वी चार गोष्टी लिहून काढा. आठवड्यात डांबरावर किती किलोमीटर होणार, कच्च्या वाटेवर किती, वाटेत चढ किती आणि पाठीवर किंवा कॅरियरवर ओझं किती. बहुतेकांचं उत्तर सारखंच निघतं: डांबर शंभर-सव्वाशे किलोमीटर, टेकडी फार तर वीस-पंचवीस. म्हणजे सायकलीचा बहुतेक वेळ रस्त्यावर जाणार, पण तिची खरी परीक्षा टेकडीवर होणार. रस्त्यावर सायकल जरा जड चालली तर दहा मिनिटं उशीर होतो. टेकडीच्या उतारावर ब्रेक लागला नाही तर हाड मोडतं. दोन्हींत निवड करायची वेळ आली की हे आठवा.

तुमची कच्ची वाट वर्षातून दोन-चारदाच होणार असेल आणि तीही पानशेत-मुळशीकडच्या सपाट मातीच्या रस्त्यावर, तर माउंटन बाइक घेऊच नका. जाड टायरची हायब्रिड, म्हणजे रस्त्याच्या सायकलीची आणि माउंटन बाइकची मधली सायकल, त्या कामाला पुरते आणि रस्त्यावर ती हलकी चालते. वेताळ टेकडीच्या खाणीकडच्या वाटांसारखा मुरूम, सुटे दगड, पावसाने पडलेल्या घळी, हे सगळं दर आठवड्याला हवं असेल तर पुढे वाचा.

प्रकार: हार्डटेल

पुढे सस्पेन्शन फोर्क आणि मागे कडक फ्रेम, याला हार्डटेल म्हणतात. दोन्ही कामांसाठी हाच प्रकार योग्य. मागेही सस्पेन्शन असलेली चांगली सायकल लाखाच्या पुढे जाते, तिचे सांधे आणि बेअरिंग सांभाळावे लागतात आणि कॅरियर बसवणं अवघड होतं. बाजारात बारा-पंधरा हजारांत ‘डबल सस्पेन्शन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सायकलींपासून मात्र दूर राहा. त्यांच्या मागच्या स्प्रिंगला दाब जिरवणारी यंत्रणा नसते. प्रत्येक पॅडलला सायकल खाली-वर होते, चढावर पायातला जोर स्प्रिंग दाबण्यात जातो आणि वजन सहज अठरा किलोपर्यंत पोहोचतं. चार इंची टायरच्या फॅट बाइकचंही तसंच. वाळूसाठी आणि बर्फासाठी बनलेली ती सायकल रोज पंधरा किलोमीटर डांबरावर ओढायला कोणाला सांगू नये असं मला वाटतं.

माप

इथे कोणतीही तडजोड नको. भिंतीला पाठ टेकून अनवाणी उभे राहा, दोन पायांमध्ये एक जाड पुस्तक धरून ते सीटवर बसल्यासारखं घट्ट वर ओढा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. ही तुमची पायाची आतली उंची. सायकलीच्या मापपत्रकात वरच्या दांड्याची जमिनीपासूनची उंची दिलेली असते. ती तुमच्या आकड्यापेक्षा किमान पाच सेंटिमीटरने कमी हवी, कारण टेकडीवर अचानक उतरावं लागतं आणि पायाखाली सपाट जमीन असेलच असं नाही.

याच आकड्यावरून सीटची उंचीही निघते. त्याला ०.८८३ ने गुणा. ७६ सेंटिमीटर उंची असेल तर उत्तर साधारण ६७ येतं. पॅडलचे दांडे ज्यावर फिरतात त्या मधल्या अॅक्सलच्या केंद्रापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर ठेवून सुरुवात करा आणि मग गुडघ्यांना काय वाटतं त्याप्रमाणे थोडं वर-खाली करा.

‘एस’, ‘एम’, ‘एल’ ही अक्षरं प्रत्येक कंपनीची वेगळी असतात. साडेपाच फुटी माणसाला एका कंपनीची ‘एस’ होते, तर दुसरीची ‘एम’. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर माझा कल लहान मापाकडे आहे. सीट वर करता येते, पण वरचा दांडा खाली करता येत नाही. खांद्यांत ताण येईल इतकं हँडल लांब वाटत असेल तर दुकानदार ‘सवय होईल’ म्हणाला तरी ती सायकल घेऊ नका.

फोर्क: किती, कसला, आणि न घेतला तर?

टेकडी आणि रस्ता दोन्हींसाठी १०० मिलिमीटर दबणारा फोर्क पुरेसा आहे. १२० मिळाला तर उतारावर मजा वाढते. त्याच्या पुढचे फोर्क जास्त खडबडीत उतारांसाठी आणि उड्यांसाठी असतात.

किती दबतो यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे आत काय आहे. स्वस्त फोर्कमध्ये स्टीलची स्प्रिंग असते. ती एका ठरावीक वजनाच्या माणसाला धरून बसवलेली असते, त्यामुळे पन्नास किलोच्या माणसाला फोर्क दगडासारखा लागतो आणि नव्वद किलोच्या माणसाखाली तो पूर्ण दबतो. एअर फोर्कमध्ये हवा असते आणि छोट्या शॉक पंपाने ती आपल्या वजनाप्रमाणे भरता येते. सायकलवर नुसतं बसल्यावर फोर्क पूर्ण जितका दबू शकतो त्याच्या साधारण पाचव्या ते चौथ्या भागाइतका दबला पाहिजे. एअर फोर्क स्प्रिंगवाल्यापेक्षा हलकाही असतो, आणि रोजच्या चढावर तो फरक पायांना कळतो.

लॉकआउट असलेलाच फोर्क घ्या. खटका फिरवला की फोर्क कडक होतो आणि डांबरावर जोर वाया जात नाही. दुकानात तपासायचं तर पुढचा ब्रेक दाबून हँडलवर अंगाचा भार टाका आणि सोडा. फोर्क सावकाश आणि एकसारखा वर आला पाहिजे. टणकन उसळला तर आत डॅम्पिंग, म्हणजे उसळी आवरणारी यंत्रणा, नाही असं समजा.

बजेट कमी असेल तर? नाममात्र सस्पेन्शन असलेल्या जड फोर्कपेक्षा साधा कडक फोर्क आणि चांगला जाड टायर शंभर पटींनी बरा. माउंटन बाइकिंग १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, माउंट टॅमलपायसच्या कच्च्या उतारांवर रुजलं. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही मंडळी तिथे सायकली दामटत होती, तेव्हा त्यांना सस्पेन्शन नव्हतं. रॉकशॉक्स कंपनीचा पहिला सस्पेन्शन फोर्क बाजारात आला १९८९ मध्ये. तोवर सगळा खेळ जाड टायर आणि वाकलेल्या कोपरांवर चालला होता, आणि आपल्या टेकड्यांवर तो आजही तसा चालतो.

हब: कोणी न सांगणारी गोष्ट

स्वस्त सायकलीची सगळ्यात कमजोर जागा मागच्या चाकाच्या मध्यभागी असते आणि ती पाहायला कोणी वाकत नाही. मागच्या दातेरी चक्रांचा जुडगा दोन पद्धतींनी बसतो. जुनी पद्धत फ्रीव्हीलची. तो हबवर आट्यांनी फिरवून बसवतात. त्यामुळे उजवीकडचं बेअरिंग आत सरकतं आणि अॅक्सलचा बराच भाग आधाराविना उरतो. टेकडीवर चार दणके बसले, किंवा लॅपटॉप-डबा घेऊन खड्ड्यात गेलात, की अॅक्सल वाकतो आणि कधी मोडतो. दुसरी पद्धत कॅसेट आणि फ्रीहबची. चक्रांचा जुडगा म्हणजे कॅसेट, तो हबच्याच फिरत्या भागावर, म्हणजे फ्रीहबवर, सरकवून बसवतात. तिच्यात उजवं बेअरिंग थेट बाहेरच्या टोकाजवळ असतं आणि भार नीट पेलला जातो.

दुकानात ओळखायचं सोपं आहे. मागच्या सर्वात लहान चक्राचे दात मोजा. १४ असतील तर ते बहुधा फ्रीव्हील, ११ असतील तर बहुधा कॅसेट. मग मेकॅनिकला विचारून खात्री करा. मागे सात चक्रं असलेल्या सायकली बहुतेक फ्रीव्हीलच्याच असतात. नंतर बदलायचं म्हटलं तर हब किंवा अख्खं चाकच बदलावं लागतं. म्हणून दोन सायकलींत फोर्क सारखा आणि एकीला फ्रीहब, असं असेल तर दोन-तीन हजार जास्त देऊन ती घ्या.

चाकाचा आकार २७.५ की २९, यावर लोक तावातावाने भांडतात. एवढी गरज नाही. २९ इंची चाक दगडांवरून सहज जातं आणि रस्त्यावर वेग टिकवतं. उंची पाच फूट तीन इंचांच्या आसपास किंवा कमी असेल तर २७.५ वर बसायला सोयीचं जातं. २९ चा एक जास्तीचा फायदा असा की त्याच्या रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर म्हणजे हायब्रिडच्या ७०० सी चाकाइतकाच असतो, त्यामुळे पुढे रस्त्याचे टायर सहज मिळतात.

ब्रेक

हायड्रॉलिक डिस्क, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे. जून ते सप्टेंबर पुण्यात जो सायकल चालवणार आहे, त्याने यावर फार विचार करू नये. रिमवर घासणारे ब्रेक पावसात आधी पाणी पुसतात आणि मग थांबवतात. चिखल आला तर रिमच झिजवतात. केबलवाले डिस्क ब्रेक मधला पर्याय. ते चालतात, पण केबल ओढली जाते, मातीने जड होते आणि दर काही आठवड्यांनी पॅडचं अंतर जुळवावं लागतं. हायड्रॉलिकमध्ये एका बोटाने काम होतं. सिंहगडाचा घाट उतरताना हाताचे पंजे आखडत नाहीत, हे एकदा अनुभवलं की पुन्हा केबलकडे जावंसं वाटत नाही. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं. काही कंपन्या डॉट फ्लुइड वापरतात. एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतले रबर सील खराब होतात, म्हणून आपल्या ब्रेकचं तेल कोणतं ते माहीत करून ठेवा.

आणखी एक तपासणी, जी फार कमी जण करतात. उजव्या हाताला पुढचा ब्रेक आहे ना? स्कूटरवर आपला उजवा हात पुढचा ब्रेक दाबतो. परदेशी मांडणीच्या काही सायकलींवर तो डावीकडे असतो. सवयीविरुद्धच्या मांडणीने घाईत नको तो ब्रेक दाबला जातो आणि माणूस हँडलवरून पुढे पडतो. ताबा घेण्याआधी दुकानातून अदलाबदल करून घ्या, कारण हायड्रॉलिकमध्ये नळ्या काढून बसवाव्या लागतात आणि ते घरी करायचं काम नाही.

गिअर

‘२१ गिअर’ किंवा ‘२७ गिअर’ या आकड्यांवर जाऊ नका. सर्वात हलका गिअर किती हलका आणि सर्वात जड किती जड, एवढंच बघायचं. समजा पुढे ३२ दातांचं एकच चक्र आणि मागे ११ ते ४६. २९ इंची चाकाला सर्वात जड गिअरमध्ये पॅडलच्या एका फेरीत सायकल साधारण साडेसहा मीटर जाते. मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या तर ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो. ऑफिसला जायला तेवढा पुरे. सर्वात हलक्या गिअरमध्ये एका फेरीत जेमतेम १.६ मीटर. मिनिटाला ६० फेऱ्यांनी ताशी साडेपाच-सहा किलोमीटरने, म्हणजे चालण्याहून थोडं जास्त, पण न उतरता, वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या संस्थेकडे जाणाऱ्या रस्त्याचा चढ पार करता येतो.

पुढे एकच चक्र असलं की सिग्नलला आणि चिखलात डोकं कमी लागतं, चेनही कमी वेळा निसटते. पण दहा-अकरा-बारा चक्रांची कॅसेट आणि तिची चेन महाग असते, आणि रोज वापरणाऱ्याला ती बदलावी लागणारच. पुढे दोन, मागे आठ किंवा नऊ, ही मांडणी स्वस्तात सांभाळली जाते आणि सुटे भाग गल्लीतल्या दुकानातही मिळू शकतात. रोजच्या वापरासाठी मला ती जास्त पटते.

टायर: इथे सायकल बदलते

आतापर्यंतचं सगळं टेकडीसाठी होतं. रस्त्यासाठीचा मोठा बदल एकाच ठिकाणी करायचा आहे. कंपनीकडून येणारे टायर बहुतेक वेळा मोठ्या, विरळ खुंट्यांचे असतात. डांबरावर ते घुमल्यासारखा आवाज करतात, वेग खातात आणि मधली रांग लवकर झिजते.

२.१ ते २.२५ इंच रुंदीचा, मध्यभागी जवळजवळ बसवलेल्या बुटक्या खुंट्या आणि कडेला ठळक खुंट्या असलेला टायर शोधा. सरळ रस्त्यावर मधला भाग चालतो, टेकडीच्या वळणावर सायकल कलली की कडेच्या खुंट्या मुरमात रुततात. त्याहून चांगली युक्ती म्हणजे पुढे जरा जास्त पकडीचा टायर आणि मागे गुळगुळीतकडे झुकणारा. अंगाचा जास्त भार मागे असतो, म्हणून रस्त्यावरचा वेग मागच्या टायरवर ठरतो. पकड सुटली तर मागचं चाक घसरणं सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस खाली. आपल्या टेकड्यांवर कडक जमिनीवर सुट्या मुरमाचा पातळ थर असतो, तिथे हे फार जाणवतं.

मग हवा. सत्तर किलोच्या माणसाने ट्यूबवाल्या २.२ टायरमध्ये रस्त्यासाठी ४० ते ४५ पीएसआय ठेवावी आणि टेकडीसाठी २८ ते ३२ वर आणावी. यापेक्षा खाली गेलात तर दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटून तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. पेट्रोल पंपावरच्या मोठ्या यंत्राने भरताना सावध राहा, सायकलच्या ट्यूबला लागणारी थोडीशी हवा ते क्षणात ओलांडतं. आकडा दाखवणारा पायपंप घरी असणं हाच खरा उपाय.

ट्यूबचा वॉल्व्ह शक्यतो जाड, स्कूटरसारखा घ्या. रस्त्यात कुठल्याही पंक्चरवाल्याकडे त्यात हवा भरता येते. बारीक वॉल्व्हला छोटा अॅडॉप्टर लागतो. रिमचं भोक बारीक वॉल्व्हपुरतंच पाडलेलं असेल तर जाड वॉल्व्ह त्यात बसणार नाही, तेव्हा आधी पाहून घ्या.

आणि बाभूळ. टेकडीवर बाभळीचे काटे वर्षभर असतात आणि उन्हाळ्यात ते वाळून खिळ्यासारखे होतात. रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेस चालणारे असतील तर पहिल्या पंक्चरांनंतर ट्यूबलेस करून टाका. आतलं सीलंट काट्याचं भोक जागच्या जागी बुजवतं आणि हवाही चार-पाच पीएसआयने आणखी कमी ठेवता येते. आपल्याकडच्या उन्हात सीलंट तीन-चार महिन्यांत वाळतं, ते पुन्हा भरावं लागतं. ट्यूबलेस केलं तरी एक ट्यूब सोबत ठेवायची.

आटे, मडगार्ड, कॅरियर

मागच्या अॅक्सलजवळ आणि सीटखाली फ्रेमला आट्यांची भोकं आहेत का बघा. ती असतील तर कॅरियर नीट बसतो आणि डबा, लॅपटॉप, रेनकोट पाठीवरून उतरतात. पाठ ओली होत नाही आणि टेकडीच्या दिवशी कॅरियर दहा मिनिटांत काढता येतो. डिस्क ब्रेकचा कॅलिपर आड येत असेल तर डिस्कसाठीचा कॅरियर मागा.

मडगार्ड चटकन निघणारे घ्या. पावसात काळ्या मातीच्या वाटेवर चाक आणि मडगार्डच्या मध्ये चिखल घट्ट भरतो आणि चाक फिरायचं थांबतं. स्टँड दुकानदार मागच्या नळीवर कचकून आवळतो. अॅल्युमिनियमची पातळ नळी त्याने दबते, म्हणून स्टँडसाठी फ्रेमवर स्वतंत्र जागा नसेल तर सायकल भिंतीला टेकवलेली बरी.

पैसे कसे वाटायचे

साधारण तीस ते पन्नास हजारांच्या पट्ट्यात हायड्रॉलिक ब्रेक, फ्रीहब आणि लॉकआउटचा फोर्क असलेली चांगली हार्डटेल शोधली तर मिळते. एअर फोर्क बहुतेकदा त्याच्या वर. पण सगळी रक्कम सायकलवर उडवू नका. पाचवा-सहावा भाग बाजूला ठेवा. हेल्मेट, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, चांगलं कुलूप, पंप, ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, छोटं टूल आणि पकडीचे रुंद पॅडल त्यात येतात. वापरलेली सायकल घेताना वरचा-खालचा दांडा जिथे हँडलकडे जुळतो तिथली वेल्डिंग बोटाने चाचपा, फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर ओरखडे नाहीत ना पाहा आणि चाक धरून आडवं हलवा. खडखडलं तर हब सैल आहे किंवा झिजलाय.

घरी आणल्यावर

डिस्क ब्रेक पहिल्या दिवशी पूर्ण जोराने लागत नाहीत. रिकाम्या रस्त्यावर ताशी वीसच्या वेगाने जाऊन, चाक न अडवता सायकल चालण्याच्या वेगापर्यंत हळू करा. हे दोन्ही ब्रेकना पंधरा-वीस वेळा करा. त्यानंतरच टेकडी.

शनिवारी रात्री कॅरियर आणि मडगार्ड काढा, हवा कमी करा, लॉकआउट उघडा. रविवारी परत आल्यावर हवा भरा, चेन फडक्याने पुसून प्रत्येक कडीवर तेलाचा थेंब टाका आणि जास्तीचं तेल पुन्हा पुसून घ्या. मोटारसायकली धुणाऱ्या सेंटरवर सायकल नेऊ नका. तिथल्या जोरदार फवाऱ्याने बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं आणि पाणी आत राहतं. बादली, मऊ ब्रश आणि घरातला साबण पुरे.

टेकडीवर सकाळी फिरायला येणारे आणि झाडांना पाणी घालायला कॅन घेऊन चढणारे लोक आधी तिथे आहेत. उतारावर त्यांना पाहून वेग कमी करा, लांबून आवाज द्या आणि वनखात्याच्या पाट्यांवरचे नियम व वेळा पाळा. टेकडीवर सायकलींना येऊ द्यावं की नाही, याचं उत्तर आपल्या वागण्यावरच ठरतं.

महिन्याभरात पहिली सर्व्हिस करून घ्या, दुकान फुकट देत असेल तर नक्कीच. नव्या केबल ताणल्या जातात आणि चाकाच्या तारा (स्पोक) सैल पडतात, चाक वाकडं होण्याआधी त्या आवळाव्या लागतात. चेन मोजायचं छोटं साधन दोन-तीनशे रुपयांना मिळतं. आठ ते दहा गिअरच्या चेनला ०.७५ टक्के ताण आला, किंवा अकरा-बारावाल्या चेनला ०.५, की चेन लगेच बदला. उशीर केलात तर झिजलेली चेन कॅसेटचे दातही खाते आणि मग दोन्ही एकदम घ्यावे लागतात.